पाण्याचा नमुना आणि कायद्याचे कलम

प्रदूषणाविरुद्धच्या आपल्या लढ्यांना एक जुने दुखणे आहे. मोर्चा निघतो, सभा होते, निवेदन जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती पडते. आणि एकदा प्रकरण कागदावर गेले की आपण हतबल होतो. समोरच्या बाजूस वकीलही असतो आणि तज्ज्ञही असतो. आपल्या बाजूस एखादा तळमळीचा वकील असतो, पण त्याला पाणीतपासणीचा अहवाल वाचता येत नाही. किंवा रसायनशास्त्राचा एखादा सज्जन प्राध्यापक असतो, पण त्याला कायद्याचे कलम ठाऊक नसते. कायदा आणि पर्यावरण व्यवस्थापन हे विषय विद्यापीठात एकत्र शिकविले जावेत की नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ शिक्षणतज्ज्ञांवर सोडून देण्याजोगा नाही. आपल्या चळवळीच्या बळाशी त्याचा थेट संबंध आहे.

१९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा पाहा. त्याच्या कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचा नमुना घेताना कारखानदारास नोटीस द्यावी लागते, त्याच्यासमक्ष नमुन्याचे दोन भाग करावे लागतात, ते सीलबंद करून त्यांवर सह्या घ्याव्या लागतात आणि तपासणी कायद्याने ठरविलेल्या प्रयोगशाळेतच व्हावी लागते. ही रीत चुकली की अहवाल पुरावा म्हणून टिकत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली निकालात काढलेल्या दिल्ली बॉटलिंग कंपनीच्या प्रकरणात हेच घडले. नमुना योग्य प्रयोगशाळेत तपासला गेला नव्हता, एवढ्यावर मंडळाचा अहवाल बाजूला पडला. पाणी घाण होते की नव्हते, हा मूळ प्रश्न मागेच राहिला. रसायनशास्त्र जाणणाऱ्याला कायदा ठाऊक नसला तर असे होते.

आता उलट बाजू पाहा. कारखान्याने प्रक्रिया करून नदीत सोडावयाच्या सांडपाण्यासाठी जे सर्वसाधारण मानक आहे, त्यात जैवरासायनिक प्राणवायूची मागणी लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत चालते. माणसाने ज्या पाण्यात स्नान करावे, त्यासाठी हीच मर्यादा ३ मिलिग्रॅम आहे. म्हणजे कायदेशीररीत्या सोडलेल्या एक भाग सांडपाण्याला स्नानयोग्य होण्यासाठी नऊ भाग अगदी निर्मळ पाण्याची सोबत हवी. गंगापूर धरणाचे दार बंद असताना उन्हाळ्यातील गोदावरीत हे नऊ भाग कोठून येणार? प्रत्येक सांडपाणी सोडणारा आपापले मानक पाळीत असला तरी नदी नासू शकते. फक्त कलमे शिकलेला वकील 'उल्लंघन सिद्ध होत नाही' म्हणून परत येईल. ज्याने पाण्याचा ताळेबंद शिकला आहे तो विचारील, की नदीतील प्रवाह किती, धरणातील पाणी कोणाला किती मिळते, आणि ते वाटप कोणी ठरविले? हा प्रश्न विचारला की रसायनशास्त्र संपते आणि राजकारण सुरू होते.

तिसरे उदाहरण नाशिककरांना सांगावयास नको. २०२५ च्या अखेरीस तपोवनात साधुग्रामासाठी झाडे तोडण्याच्या प्रस्तावाविरुद्ध शहर उभे राहिले. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली जी दुरुस्ती झाली, तिने पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. आता झाडाचे वय कसे ठरवावयाचे हे वनस्पतिशास्त्र सांगणार, आणि ते मुदतीच्या आत हरकतीच्या अर्जात कसे मांडावयाचे हे कायदा सांगणार. झाडाला मिठी मारणारे हात पुष्कळ होते, त्यांचा आदर वाटतो. पण ती हरकत लिहू शकणारे हात शहरात किती आहेत, हेही आपण मोजले पाहिजे.

शासनसंस्थेला ही गरज केव्हाच कळली आहे. १९९९ साली नायडू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणविषयक निर्णय देणाऱ्या मंडळांत न्यायाधीशांच्या जोडीला शास्त्रज्ञ हवेत, असे सुचविले. २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले आणि त्यात न्यायिक सदस्य व तज्ज्ञ सदस्य एका पीठावर बसू लागले. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. न्यायासनावर जे शेजारी बसतात, ते विद्यार्थिदशेत मात्र एका बाकावर बसत नाहीत. १९९१ च्या मेहता प्रकरणातील आदेशामुळे पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याची पावले पडली; परंतु पदवीच्या वर्गांत तो बहुतेक ठिकाणी उत्तीर्ण होण्यापुरता उरला आहे. कायद्याच्या पदवीत पर्यावरण कायद्याची प्रश्नपत्रिका आहे, पण तेथे कलमे आणि खटल्यांची नावे पाठ होतात; सांडपाणी केंद्राचे तोंड विद्यार्थ्याला क्वचितच दिसते.

ज्याला दोन्ही शिकावयाचे आहे त्याच्या वाटेत नियमही आडवा येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा दिली, पण व्यावसायिक परिषदांचे नियम तसेच ठेवले. बार कौन्सिलच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांतील सहावा नियम कायद्याच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या नियमित अभ्यासक्रमास एकाच वेळी बसू देत नाही. मात्र त्याच नियमात एक खिडकी उघडी आहे. दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला ही मनाई लागू नाही. ह्या खिडकीकडे मी पुन्हा येणार आहे.

दोन विद्या एकत्र आल्या म्हणजे काय होते, ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रानेच पाहिले आहे. १९२० नंतर लंडनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी ह्यांचा अभ्यास एकाच काळात करीत होते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्या पाण्यावरील हक्काचा दावा कोर्टात चालत राहिला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात तो जिंकला गेला. पुढे १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना दामोदर खोऱ्यासारख्या जलनियोजनाच्या पायाभरणीत त्यांचा मोठा वाटा होता. ज्याने पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क मिळविला, त्यानेच पाण्याच्या नियोजनाचाही विचार केला. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या ह्या शहराने तरी हा वारसा विसरू नये.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. 'पर्यावरण व्यवस्थापन' हा शब्द आज कंपन्यांच्या कार्यालयांत फार लाडका आहे. प्रकल्पाचा पर्यावरणीय परिणाम तपासणाऱ्या सल्लागाराला पैसे देतो तो प्रकल्पाचा मालकच. कायदा आणि पर्यावरण एकत्र शिकलेला हुशार पदवीधर उद्या तेथेच नोकरीला लागणार नाही कशावरून? लागेल, पुष्कळ लागतील. के. विल्यम कॅप ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९५० सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की खाजगी उद्योग आपल्या खर्चाचा मोठा भाग समाजाच्या माथी मारतो आणि उरलेल्याला नफा म्हणतो. हा हिशेब ज्या अभ्यासक्रमात शिकविला जात नाही, तो अभ्यासक्रम मालकाचे कागद स्वच्छ ठेवणारे कारकूनच घडविणार. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने १९८६ च्या पर्यावरण कायद्यातील उल्लंघनाची तुरुंगवासाची शिक्षा काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड ठेवला, आणि तो ठरविण्याचे काम न्यायालयाऐवजी अधिकाऱ्याकडे दिले. मोठ्या कारखान्याच्या दृष्टीने पंधरा लाख हा खर्चाच्या खात्यातील एक आकडा आहे. सांडपाण्यावर प्रक्रिया करण्यापेक्षा दंड स्वस्त पडत असेल, तर नदीचे काय होणार हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

म्हणून शिक्षण कोणाला आणि कोणत्या भाषेत, हे आधी ठरले पाहिजे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे दार इंग्रजी प्रवेशपरीक्षेचे आणि भरमसाट शुल्काचे आहे. सातपूरचा कामगार, निफाडच्या शेतमजुराची मुलगी त्या दारातून सहसा जात नाही. पण नाशिकच्या पश्चिमेस गंगापूर धरणाजवळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उभे आहे आणि ज्ञानगंगा घरोघरी नेणे हे त्याचे ब्रीद आहे. बार कौन्सिलच्या नियमातील ती खिडकी नेमकी येथे उघडते. कायद्याचा विद्यार्थी दिवसा महाविद्यालयात जाईल आणि दूरशिक्षणाने, मराठीतून, परवडणाऱ्या शुल्कात पर्यावरण व्यवस्थापन शिकेल, अशी जोडणी आज शक्य आहे. विधी महाविद्यालयांत विधिसाहाय्य केंद्र असावे लागतेच. त्या केंद्राला वस्तीतील नाल्याचे, कारखान्याच्या संमतिपत्राचे आणि जनसुनावणीचे काम द्यावे. पर्यावरण मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणाकडे अपील करण्यास मुळात तीसच दिवस असतात, सबळ कारण दाखविल्यास आणखी साठ. एवढ्या वेळात मुंबईपुण्याचा तज्ज्ञ शोधीत हिंडणाऱ्या गावाने लढाई अर्धी हरलेली असते. जाणकार गावातच असला पाहिजे.

ह्यासाठी पक्षाच्या जिल्हा शाखेने तीन गोष्टी कराव्यात. मुक्त विद्यापीठाकडे अशा मराठी अभ्यासक्रमाची लेखी मागणी करावी. विधी महाविद्यालयांतील आपल्या तरुण मित्रांना शास्त्र शाखेच्या मित्रांशी जोडून अभ्यासमंडळे आजच सुरू करावीत. त्यासाठी विद्यापीठाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि दरवर्षी काही कार्यकर्त्यांच्या शुल्काचा भार पक्षनिधीतून उचलावा. २०२७ च्या सिंहस्थस्नानांच्या निमित्ताने गोदाकाठावर जी कामे काढली आहेत, त्यांचे परिणाम पर्वणी संपल्यावरही ह्या शहराला भोगावे लागणार आहेत.

डॉ. लोहियांनी कार्यकर्त्यापुढे फावडे, मतपेटी आणि तुरुंग अशी तीन प्रतीके ठेवली. त्यांत भर घालण्याचा अधिकार माझा नाही. परंतु नदीसाठी तुरुंगात जावयास तयार असणाऱ्या कार्यकर्त्याला त्या नदीच्या पाण्याचा अहवाल स्वतः वाचता यावा आणि त्यावर न्यायालयात उभे राहून बोलता यावे, एवढी अपेक्षा तरी आपण आपल्या विद्यापीठांकडून आणि स्वतःकडून ठेवलीच पाहिजे.