कष्टकरी स्त्रियांचा इतिहास कोणाच्या दप्तरात?

बेंगळुरूच्या राजाजीनगरात राज्य कामगार विमा योजनेचे मोठे रुग्णालय आहे. अशा रुग्णालयाच्या नोंदवहीत कामगार स्त्री विमा क्रमांकाने ओळखली जाते. कारखान्याच्या हजेरीपटावरही तिचा क्रमांकच असतो. इतिहासात मात्र ती कोणत्या नावाने उरणार, हा प्रश्न विद्यापीठांच्या ग्रंथालयांना आणि कामगार चळवळीलाही विचारला पाहिजे.

२०१६ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने भविष्य निर्वाह निधीतील मालकाच्या वाट्याची रक्कम वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत अडकवून ठेवणारा हुकूम काढला. १८ व १९ एप्रिल रोजी बेंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो कामगार रस्त्यावर आले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला गेला. पण दोन दिवसांत सरकारला हुकूम मागे घ्यावा लागला. हा विजय केवळ बेंगळुरूचा नव्हता, देशातील प्रत्येक कामगाराचा होता.

या उठावाची हाक कोणत्याही प्रस्थापित संघटनेने दिलेली नव्हती. म्हणूनच त्याचे आवाहनपत्रक नाही, सभेचे इतिवृत्त नाही. पोलिसांच्या फिर्यादी आणि जळालेल्या बसगाड्यांचे पंचनामे मात्र सरकारी दप्तरात आपोआप जमा होतात. उद्याच्या संशोधकाच्या हाती एवढेच पडले, तर त्याला 'दंगल' दिसेल. मुलीच्या लग्नासाठी, आजारपणासाठी पै पै साठवणारी शिलाई कामगार दिसणार नाही. दप्तर तटस्थ नसते. जो वर्ग ते राखतो, त्याच्या नजरेने ते बोलते.

महाराष्ट्राचा अनुभव वेगळा नाही. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली छापले गेले आणि विस्मृतीत गेले, स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा वाचकांपुढे आणले. छापील ग्रंथाची ही गत, तर अक्षरओळख नसलेल्या कामगारणीची काय कथा! १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या. पुढे कामाच्या पुनर्रचनेच्या नावाखाली त्यांना खात्याखात्यांतून हुसकावण्यात आले. उषाबाई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांच्या आत्मकथनांमुळे त्या लढ्यांचा काही भाग वाचला. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या आठवणी ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी प्रत्यक्ष भेटून गोळा केल्या, म्हणून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध झाला. परंतु सबंध वर्गाचा इतिहास काही व्यक्तींच्या जिद्दीवर किती काळ सोडायचा?

हे काम सार्वजनिक विद्यापीठांचेच आहे. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात १९७४ साली नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे केंद्र उभे राहिले. पुणे विद्यापीठात १९८७ साली. तथापि २०१७ साली बारावी पंचवार्षिक योजना संपताच देशभरातील अशा केंद्रांच्या अनुदानावर टांगती तलवार आली, आणि अध्यापक-विद्यार्थ्यांना निषेधासाठी उभे राहावे लागले. संग्रह जाळावा लागत नाही. अनुदान आटवले की वाळवी उरलेले काम करते.

धनाढ्य देशांतही हेच घडते. खर्च झेपत नाही म्हणून २०१२ साली लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाने प्रसिद्ध स्त्री-ग्रंथालयावरचा हात काढला. त्याविरुद्ध मोहीम झाली, आणि २०१३ साली तो संग्रह लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे गेला. ॲमस्टरडॅमचा १९३५ साली सुरू झालेला स्त्री-संग्रह तर नाझींनी १९४० साली लुटून नेला. १९९२ साली त्याची कागदपत्रे मॉस्कोत आढळली आणि २००३ साली परत आली. स्त्रियांच्या चळवळीचे कागद निरुपद्रवी असते, तर फॅसिस्टांनी ते उचलून नेण्याचे कष्ट का घेतले असते?

काही मंडळी म्हणतात, कामगारांच्या इतिहासात स्त्रिया आल्याच, वेगळा संग्रह कशाला? त्यांनी आपल्याच युनियनची जुनी इतिवृत्ते उघडून त्यांत किती स्त्रियांची नावे सापडतात ते मोजावे.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे: विद्यापीठ ग्रंथालयांत स्त्री-संग्रहासाठी कायम पदे, नियमित तरतूद, आणि कामगारालाही खुले असलेले दालन. आणि चळवळीचे कर्तव्यही तितकेच स्पष्ट आहे. युनियन कचेऱ्यांतील पत्रके, पावतीपुस्तके, छायाचित्रे रद्दीत जाण्यापूर्वी संग्रहात गेली पाहिजेत. २०१६ च्या लढ्यातील स्त्रियांच्या साक्षी, त्यांच्या तोंडच्या कन्नडमध्ये, आजच नोंदवल्या पाहिजेत. ज्यांनी सरकारला दोन दिवसांत नमवले, त्यांची ओळख पोलिसांच्या दप्तरावर सोडून चालणार नाही!