वस्तीची बाई फळ्यापाशी हवी

शाश्वत विकासाचे शिक्षण पसरावे म्हणून संयुक्त राष्ट्र विद्यापीठ २००५ पासून विद्यापीठे, शाळा, पालिका, संस्था यांच्या एकत्रित प्रादेशिक केंद्रांना मान्यता देते. पुण्यातही असे केंद्र आहे. चांगलेच झाले. पण त्यात वस्ती कुठे? बहुधा सतरंजीवर, ऐकायला!

पुण्यात ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक भगिनींनी (बहुतेक आपल्याच) शहराला शिकवले: वापरलेले पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा. उघडे पॅड त्यांना हाताने निवडावे लागते, आणि काविळीचा ‘बी’ विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. हाताला चीर असली की संपले.

आमचे म्हणणे एवढेच, पुढच्या बैठकीला यांनाच शिकवायला बोलवा. आणि त्यांचा बुडालेला रोज द्या.