न वाजवलेलं, म्हणून महाग

माझं जुनं युकुलेले विकायचं आहे. जाहिरात लिहायला बसलो आणि पहिल्याच रकान्यात अडकलो. जुन्या वस्तूंच्या ॲपवर ‘वस्तूची स्थिती’ विचारतात. नवीन, नव्यासारखी, बरी, वापरलेली. पुण्यातल्या मित्राला फोन केला तर तो म्हणाला, “नव्यासारखी टाक. खाली लिही, दोनदाच वाजवलंय. पाचशे रुपये जास्त येतील.”

२०२०मध्ये ऑफिस बंद झालं आणि मी लॅपटॉप घेऊन मालवणला घरी आलो. त्याच सुमारास बत्तीसशे रुपयांना हे मागवलं. पुढची चार वर्षं जवळजवळ रोज वाजवलं. आता बोटांना त्याची मान अपुरी पडते, म्हणून थोडं मोठं घेतलं आहे. विकण्याचं कारण एवढंच. म्हणजे हे वाद्य माझ्याकडे चांगलं नांदलं. आणि बाजारात नेमकं तेच लपवायचं?

इतरांच्या जाहिराती वाचल्या. ‘फक्त बॉक्स उघडला आहे.’ ‘गिफ्ट मिळालं, कधी वाजवलं नाही.’ ‘एकदाही तार छेडलेली नाही.’ लिहिणारे बहुतेक माझ्यासारखेच असावेत. लॉकडाऊनमध्ये आम्ही संगणकवाल्यांनी छंद घाऊक भावात विकत घेतले. वेळ काही विकत मिळाला नाही, म्हणून वस्तू कोरी राहिली. ठीक आहे, होतं असं. पण त्या कोरेपणाचे वर पैसे मागायचे आणि घेणाऱ्यानेही ते खुशीने द्यायचे, याचा मला राग येतो.

हा हिशेब मोबाईलचा आहे. फोनची बॅटरी दर चार्जिंगला थोडी मरते, तिथे कमी वापरलेला फोन महाग असणं रास्त आहे. वाद्याला तोच नियम लावणाऱ्याने मालवणात एक पावसाळा काढून बघावा. इथे धो-धो पाऊस पडतो, शिवाय समुद्राची खारी हवा. जूनमध्ये कपाटात ठेवलेल्या चपलेवर ऑगस्टमध्ये बुरशी असते. खोक्यात बंद युकुलेलेचं काय होत असेल? डिंक सुटून घोडी उचलली जाते, खुंट्यांच्या दातऱ्यांना गंज चढतो, आणि कुणी वाजवतच नाही म्हणून कुणाला कळतही नाही. रोज हातात असलेल्या वाद्याची खोड दुसऱ्या दिवशी कळते.

आमच्याकडे हे शहाणपण नवीन नाही. या जिल्ह्यात डबलबारी भजनाला रात्रभर माणसं बसतात. समोरासमोर दोन बुवा, आणि पेटी बुवा स्वतः वाजवतो. आमच्या शेजारच्या बुवांना एकदा कुणीतरी मुंबईहून आणलेली, वर्षानुवर्षं कपड्यात गुंडाळून ठेवलेली पेटी देऊ केली. अगदी चकचकीत. त्यांनी भाता दोनदा हलवला आणि परत केली. “वाजवक नाय ती पेटी मेलेली. ती घेवन काय करतलंय?” आत सुरांच्या पट्ट्यांवर धूळ बसून दोन सूर मुके झाले होते. बुवांनी पेटीची स्थिती कानाने विचारली. ॲपला तेवढी अक्कल कोण देणार? (माझ्याच व्यवसायातल्या कुणीतरी तो रकाना बनवला असणार, हेही आहेच.)

वाजवून लाकूड ‘खुलतं’ वगैरे मी म्हणत नाही. त्यावर जाणकारांत वाद आहेत, आणि माझं वाद्य साध्या प्लायचं. ते काय खुलणार! माझं म्हणणं साधं आहे. नायलॉनच्या नव्या तारा कित्येक दिवस ताणल्या जात राहतात, सूर सारखा उतरतो, आणि नवशिक्याला वाटतं आपलाच कान खोटा. माझ्या तारा बसलेल्या आहेत. पडदे झिजले असतील ही भीती असेल, तर नायलॉनने धातूचे पडदे फारसे झिजत नाहीत, आणि झिजले तर डोळ्यांना दिसतात. बाराव्या पडद्यावर तार दाबा. मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात मिळाला पाहिजे. दोन मिनिटांचं काम. पण त्यासाठी वाद्य हातात घ्यावं लागतं, फोटो मोठा करून ते कळत नाही.

आणि युकुलेलेचा तर जन्मच वापरलेल्या वाद्यातून झाला. १८७९मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाच्या जहाजातून मदेरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर हवाईला उसाच्या मळ्यांवर कामाला गेले. त्यांच्यासोबत त्यांचं छोटं चारतारी ‘माशेत’ गेलं. त्याच जहाजावर लाकूडकाम जाणणारे तिघे होते, ते पुढे होनोलुलूत वाद्यं बनवू लागले आणि माशेतचं युकुलेले झालं. पोर्तुगीज आमच्या शेजारी गोव्यात साडेचारशे वर्षं होते, पण हे वाद्य इथे पोचलं ते कुरिअरच्या खोक्यातून.

तर शेवटी मी ‘वापरलेली’ निवडलं आणि लिहिलं : ‘चार वर्षं रोज वाजवलं आहे. एक खुंटी सरकते. चौदाशे रुपये.’

गेल्या रविवारी कुडाळहून एक मुलगी वडिलांना घेऊन आली. वडिलांनी मागून-पुढून बघितलं. “चार वर्सां वाजयलास? मगे झिजलां आसतलां.” त्यांच्या फोनवर दुसरी जाहिरात उघडी होती, अठराशेची, ‘अनटच्ड’. मुलगी तोवर पायरीवर बसून तारा छेडत होती. सरकणारी खुंटी तिला आपणहून सापडली. मी स्क्रू किती पिळायचा ते दाखवलं, तिने पिळला, तार सुरात आणली, आणि वडिलांकडे बघितलं.

“घराक जावन सांगतंय,” ते म्हणाले.

अजून फोन आलेला नाही. मित्र म्हणतो, ओळ बदल. ओळ तशीच आहे. ‘खुंटी सरकते’ एवढं मात्र काढलं, कारण त्या दिवसापासून ती सरकत नाही.