बेरीज की वजाबाकी?

पोलीस भरतीची तयारी करणारी मोहल्ल्यातली चार-पाच मुलं इशाच्या नमाजनंतर माझ्याकडे गणितं घेऊन येतात. 'सर, गाड्या विरुद्ध दिशेने तर वेगांची बेरीज, एकाच दिशेने तर वजाबाकी', हे त्यांना तोंडपाठ. का, असं विचारलं की सगळे गप्प! दोष मुलांचा नाही. सूत्र आधी, समज नंतर (बहुतेक वेळा कधीच नाही), अशी आपली शिकवण्याची रीत आहे आणि ती मला चुकीची वाटते.

हीच मुलं रोज लोकलने फिरतात. कुर्ला-ठाण्याच्या मध्ये शेजारच्या रुळावरची फास्ट लोकल आपल्या स्लो लोकलला किती सावकाश मागे टाकते आणि समोरून येणारी कशी सपकन निघून जाते, हे त्यांनी हजारदा पाहिलंय. सापेक्ष वेग म्हणजे तेवढंच.

परवा एक उदाहरण घातलं. 150 आणि 200 मीटर लांबीच्या गाड्या, वेग ताशी 54 आणि 36 किमी. समोरासमोर आल्या तर ताशी 90, म्हणजे सेकंदाला 25 मीटर. 350 मीटरला 14 सेकंद. एकाच दिशेने असतील तर सेकंदाला 5 मीटर, म्हणून 70 सेकंद. इथवर सगळे बरोबर. मग विचारलं, पहिल्या गाडीत खिडकीशी बसलेल्याला समोरून येणारी दुसरी गाडी किती वेळ दिसेल? सगळ्यांनी 14 लिहिलं. अरे, तो एकटा माणूस, त्याला लांबी कुठली? 200 भागिले 25, आठ सेकंद.

एक जण वैतागून म्हणाला, 'सर, मग 150 मीटर दिलं कशाला?'

फसवायला, बेटा!