शेजारच्या घरातील सुतक

११ मार्च २०११ रोजी ९ तीव्रतेच्या भूकंपाने ईशान्य जपान हादरला. पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने किनाऱ्यावरील गावेच्या गावे गिळली. मृत आणि बेपत्ता यांची संख्या १८ हजारांवर गेली. सारे जग सुन्न झाले असताना शेजारच्या दक्षिण कोरियात मात्र काहींच्या तोंडून वेगळेच शब्द निघाले. सोलमधील एका मोठ्या चर्चच्या धर्मोपदेशकाने हा मूर्तिपूजक जपानला ईश्वराचा इशारा असावा, असे मत मांडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओनजू येथे ओसाकाच्या संघाविरुद्ध फुटबॉल सामना सुरू असताना, 'जपानच्या महाभूकंपाबद्दल अभिनंदन' अशा आशयाचा फलक प्रेक्षकांत झळकला. यजमान क्लबला माफी मागावी लागली.

नोकरीनिमित्त सोलमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाला हे पाहून धक्का बसला, तर नवल नाही. अडचणीत धावून येणारे सहकारी आणि आग्रहाने जेवू घालणारे शेजारी ज्या समाजात त्याला भेटतात, त्याच समाजातून बुडालेल्या माणसांविषयी असे उद्गार निघावेत, हे त्याला पचणे कठीण. त्यातच त्याने नापसंती दर्शविली, तर 'तुम्हाला आमचा इतिहास ठाऊक नाही' हे उत्तर तयार असते.

हे उत्तर पूर्णपणे खोटे नाही. १९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानच्या गुलामगिरीत होता. १ सप्टेंबर १९२३ च्या टोकियो परिसरातील भूकंपानंतर कोरियन लोक विहिरींत विष कालवत असल्याच्या अफवा उठल्या आणि जमावांनी हजारो निरपराध कोरियनांची कत्तल केली. अशा जखमा सहजी भरत नाहीत. पण जखमेचे कारण सांगता येणे वेगळे आणि क्रौर्याचे समर्थन करणे वेगळे. २०११ च्या लाटेत वाहून गेलेल्या शाळकरी मुलांचा १९२३ च्या अफवांशी काय संबंध होता?

या प्रश्नाचे उत्तर सोलमध्येच मिळाले. जपानी लष्कराने लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या कोरियन स्त्रिया १९९२ पासून दर बुधवारी तेथील जपानी दूतावासासमोर निदर्शने करीत आल्या होत्या. १६ मार्च २०११ च्या बुधवारी घोषणा झाल्या नाहीत. त्या वृद्धांनी मूकपणे उभे राहून जपानमधील मृतांना श्रद्धांजली वाहिली. न्यायाची मागणी त्यांनी सोडली नाही. फक्त दुसऱ्याच्या घरी सुतक असताना ती मांडायची नाही, एवढे ठरविले. सूडाचा हक्कच सांगायचा, तर तो सर्वांत आधी त्यांचा होता. ज्यांनी सोसले त्या गप्प राहिल्या; फलक फडकला तो फुटबॉलच्या मैदानावर.

तेव्हा फलकावरून साऱ्या कोरियाची परीक्षा करणेही अन्यायाचेच ठरेल. कोरियाचे पहिले शोधपथक श्वानांसह भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी जपानमध्ये पोहोचले होते. आणि निष्ठुर शब्दांना सीमा नसते. या आपत्तीला 'दैवी शिक्षा' म्हणणारे शिंतारो इशिहारा हे खुद्द टोकियोचे गव्हर्नर होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनाही माफी मागावी लागली.

भारतीय वाचकालाही हा प्रसंग परका वाटू नये. २००१ च्या भुज भूकंपात पाकिस्तानातून मदत आली होती आणि २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर भारतातून पाकिस्तानात मदत गेली होती. वैर त्यामुळे संपले नाही. पण शेजाऱ्याशी भांडण कितीही जुने असले, तरी त्याच्या दारात तिरडी असताना आवाज चढवू नये, ही आपल्याकडची साधी रीत आहे. राष्ट्रांनाही ती लागू व्हायला हरकत नसावी.