पहिल्याच ईमेलमध्ये ऑर्डर मागू नका

गोंदिया म्हणजे राईस मिलचं गाव. इथून नागपूरच्या हॉटेलवाल्याला "आम्ही उत्तम तांदूळ विकतो" असा ईमेल टाकलात, तर तो वाचणार नाही. असं सगळेच लिहितात! त्यापेक्षा 'आयडा' वापरा: लक्ष, रस, इच्छा, कृती.

लक्ष: विषयाच्या ओळीत त्याची अडचण लिहा, "दर कट्ट्याचा भात वेगळा शिजतो का?"
रस: "आमचा एचएमटी एकाच मिलचा, एकाच हंगामाचा."
इच्छा: "आचाऱ्याला रोज पाण्याचा अंदाज बदलावा लागणार नाही."
कृती: "दोन किलो नमुना पाठवू का?"

माझं स्पष्ट मत, अनोळखी माणूस लगेच पैसे देत नाही, पण नमुन्याला सहसा नाही म्हणत नाही. आणि जे लिहाल, तेच कट्ट्यात भरा. नाहीतर दुसरी ऑर्डर विसरा.

आज एकच ईमेल लिहून बघा.