ब्रिटनला निघताना जोडीदाराचे काय?

नोकरीसाठी ब्रिटनला जाणाऱ्याला अनेक कंपन्या घर शोधून देतात, बँक खात्याचेही पाहतात. अडते ते जोडीदाराचे, कारण दिवसभर घर-मुले त्याच्याच (बहुधा तिच्याच) गळ्यात. व्हिसासोबत बहुतेकांनी प्रौढामागे वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आधीच भरलेला असतो. तरी पत्त्याचा पुरावा नाही म्हणून डॉक्टरकडे नोंदणी रखडते. इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव नोंदवायला तो पुरावा सक्तीचा नाही! मुलांची इयत्ता सहसा वयावरून ठरते. प्रवेशाची चौकशी कौन्सिलकडे करावी. कंपन्यांनी हे आधी सांगावे, रांगेचे आणि ‘सॉरी’चे धडे नंतर. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे; पण लहान गावात राहणारीला सोबत मिळेल ती जवळच्या वाचनालयातल्या बालगीतांच्या तासाला.